नयनाने न केलेली दुरुस्ती

डहाणूपासून तलासरीपर्यंत कुठल्याही कचेरीतला कॉम्प्युटर सुरू होता होता अडला, की आजकाल लोक घोलवडला आमच्या बागायतदार संघात फोन करतात. फोन माझ्या टेबलावर असल्यामुळे उचलतो मी. "नयनाताई आहेत का?" एवढेच पलीकडून विचारले जाते. कोण बोलतो, कुठून बोलतो, हे मला पुन्हा विचारून वहीत टिपून घ्यावे लागते. गेल्या महिन्यात अच्छाडच्या एका वजनकाट्यावरून फोन आला. मशीन अडले होते आणि ट्रकांची रांग हमरस्त्यापर्यंत गेली होती. नयना दुपारच्या एस.टी.ने गेली, वीस मिनिटांत काम केले, आणि एका ढाबेवाल्याने आग्रहाने बांधून दिलेले पराठे घेऊन परत आली. त्यातला एक मला मिळाला. आता दोन हजार साल लागले की तारखा चुकून मशिनी बंद पडतील म्हणून जो तो धास्तावला आहे, त्यामुळे तिचे फोन आणखी वाढले आहेत.

लोकांना वाटते, हिने मुंबईला जाऊन मोठा कोर्स केला असणार. तसे काही नाही. ती हे काम आमच्याच कचेरीत शिकली, आणि काचेच्या पार्टिशनच्या अलीकडे माझे टेबल असल्यामुळे ते शिकणे मी पहिल्या दिवसापासून पाहिले आहे. पुढच्या मे महिन्यात मी निवृत्त होईन. कपाटाच्या चाव्या कुणाकडे द्यायच्या ते ठरले आहे. ही एक गोष्ट मात्र कुठल्याच फायलीत बसत नाही, म्हणून लिहून ठेवतो.

नयना सावे १९९० साली टायपिस्ट म्हणून लागली, तेव्हा ती चोवीस वर्षांची होती. वडील रेल्वेत होते. डहाणू रोडच्या केबिनमध्ये सिग्नलचे लिव्हर ओढण्यात त्यांची सगळी नोकरी गेली आणि निवृत्तीनंतर दम्याने त्यांना घरी बसवले. आई आधीच गेलेली. धाकटी बहीण स्वप्ना लग्न होऊन बोईसरला राहते. थोरलीला दोन स्थळे आली होती. वडिलांकडे कोण बघणार, म्हणून तिनेच ती परत पाठवली. तिसरे आले नाही. हे तिने मला कधी सांगितले नाही, पण घोलवड काही एवढे मोठे गाव नाही.

कॉम्प्युटर आला चौऱ्याण्णवच्या दिवाळीनंतर. आमचे अध्यक्ष चिमणभाऊ राऊत. चाळीस एकर चिकूची वाडी, आणि हौस त्याहून मोठी. मशीनसाठी त्यांनी मागच्या बाजूची समुद्राकडची खोली रिकामी केली, थंड हवेचे यंत्र लावले, दाराशी पाटी लावली: चपला बाहेर काढा. नयनाला आठ दिवस वापीला पाठवून मशीन चालवायला शिकवून आणले. सगळे रीतसर झाले. एकच गोष्ट चिमणभाऊंच्या मनाला पटेना. दिवसभर खोली बंद, यंत्राची कोंदट थंडी.

"हे बरं नाही हां," ते म्हणाले. "माल कोंडला की मऊ पडतो. संध्याकाळी हवा लागायलाच पाहिजे."

"भाऊ, तो चिकू नाही," मी म्हणालो.

"चिकू नसेल, पण आहे तर नाजूकच ना? देवजी, रोज काम सुटलं की खिडकी उघडायची. दिवेलागणीला बंद करायची. समजलं?"

देवजी आमचा शिपाई, गंजाडचा. सांगितलेले काम तो न चुकता करतो. वखारीत चिकूच्या करंड्यांची झापे तो जशी संध्याकाळी उघडी करी, तशीच ती खिडकीही उघडू लागला. पश्चिमेचा वारा सरळ मशीनच्या पाठीवर येई. सगळ्यांना वाटले, छान झाले.

तीन महिन्यांनी, पंच्याण्णवच्या फेब्रुवारीत, मशीन पहिल्यांदा अडले. सकाळी बटण दाबले की काळ्या पडद्यावर पांढरे आकडे पळत. मशीन आपली स्मरणशक्ती मोजून घेते, असे नयनाने मला सांगितले होते. आकडे आठ हजार एकशे ब्याण्णवला पोहोचले की एक बारीक शीळ वाजे आणि पुढचे काम सुरू होई. त्या दिवशी आकडे मध्येच थांबले. शीळ नाही, काही नाही. बंद करून पुन्हा लावले, तेच. नयनाने फ्लॉपी अडकली आहे का पाहिले, तारा दाबून पाहिल्या. मग मी वापीच्या कंपनीला फोन लावून तक्रार नोंदवली. करार तसाच होता: तक्रार आली तरच माणूस येणार, एरवी नाही.

दुसऱ्या दिवशी परेश टंडेल आला. उंबरगावकडचा, तिशीच्या आसपासचा, किडकिडीत, खांद्याला खाकी पिशवी. मराठी बोलायचा, पण गुजरातीच्या चालीवर. चपला न सांगता बाहेर काढल्या, म्हणून तो देवजीला आवडला. मला आवडला तो त्याच्या एका सवयीमुळे. हातातले प्रत्येक काम तो मोठ्याने सांगत सांगत करायचा.

"आता वीज काढली. आता हात लोखंडी कपाटाला लावला, म्हणजे अंगातली वीज जाय. आता झाकण. बघा नयनाबेन, ह्या दोन पट्ट्या. ह्यातच त्याचं सगळं ध्यान असतं."

"ध्यान?"

"म्हणजे लक्षात ठेवायचं ते. आता दात बघा पट्टीचे. काळे पडले ना? खोडरबर आहे?"

नयनाने आपल्या डब्यातला पेन्सिलीचा खोडरबर दिला. परेशने पट्टीचे धातूचे दात त्याने हळूहळू घासले. काळे निघून पिवळे चमकू लागले. पट्ट्या परत बसवल्या, झाकण नुसते टेकवले, बटण दाबले. आकडे पळाले, शीळ वाजली.

"एवढंच?" नयना म्हणाली.

"एवढंच. पण कुणाला सांगू नका, नाहीतर आमची कंपनी बंद पडेल."

ती हसली. पाच वर्षांत कचेरीत तिला तसे हसताना मी पाहिले नव्हते. हे मी त्या दिवशी मनात नोंदवले आणि कामाला लागलो.

दोन महिन्यांनी मशीन पुन्हा अडले, परेश पुन्हा आला. या खेपेला त्याने उठून खिडकीपाशी जाऊन बोट गजांवरून फिरवले आणि जिभेला लावले. कंपनीच्या छापील कागदावर भेटीचा अहवाल लिहिला, नयनाची सही घेतली आणि एक प्रत तिच्या हातात दिली. कागद फायलीला लावणे हे तिचे काम होते. तिने तो लावला.

मग तो एक क्रमच होऊन गेला. दर सहा-सात आठवड्यांनी सकाळी आकडे मध्येच थांबत, मी तक्रार नोंदवी, दुसऱ्या दिवशी सकाळच्या शटलने परेश येई. काम अर्ध्या तासाचे. थांबे तो दोन तास, जेवणाच्या सुटीपर्यंत. चिमणभाऊ म्हणत, "बघा, किती बारकाईनं काम करतो. नाहीतर आमचे पंप दुरुस्त करणारे!"

काचेतून आवाज अर्धाच येई. तो तिला मशीनच्या पोटातला एकेक भाग काढून दाखवी. कुठला भाग काढला तरी मशीन चालते, कुठला काढला तर मुकेच होते, दोष शोधायचा तर सगळे उतरवून एकेक परत कसे चढवायचे, हे सांगे. ती वहीत चित्रे काढी. बोलणे नेहमी मशीनचेच. एकदा मात्र त्याने उंबरगावच्या आपल्या घराविषयी सांगितलेले ऐकू आले. वडील तांडेल, बोटीवर. मुलाने बोट धरली नाही, म्हणून चार वर्षे बोलत नव्हते. नयना म्हणाली, "माझे वडील बोलतात. पण दम लागतो म्हणून दोन वाक्यांनंतर थांबतात." दोघे मिळून एक स्क्रू बराच वेळ पिळत बसले.

सहाव्या भेटीत त्याच्या तोंडचे "बेन" गळले. तिकडे सगळ्याच बायकांना बेन म्हणायची रीत, त्यात काही नाही. पण गळले ते माझ्या लक्षात आले, आणि तिच्याही, कारण ती एकदम उठून पाणी प्यायला बाहेर आली. माठ माझ्या टेबलाशेजारी होता. तिने पेला भरला आणि न पिताच परत ठेवला.

शहाण्णवच्या एप्रिलमध्ये वर्षाच्या फायली आवरताना परेशचे अहवाल माझ्या हाती आले. मला कागद तारखेने लावायची सवय आहे, म्हणून मी ते चाळले. दुसऱ्याच भेटीच्या अहवालात स्पष्ट लिहिले होते: "समुद्राच्या खाऱ्या हवेने पट्ट्यांचे दात गंजतात. संध्याकाळी खिडकी उघडू नये." खाली नयनाची सही.

मी खिडकीकडे पाहिले. साडेपाच वाजले होते. देवजी ती उघडत होता. नयना आपल्या खुर्चीवर बसून ते नुसते बघत होती. मला तेव्हा सगळे कळले. तिने मशीन कधी बिघडवले नव्हते. तिने फक्त एक सूचना पुढे पोहोचवली नव्हती, आणि खोडरबर डब्यात असताना तो काढला नव्हता. तो माणूस तिला दिसायचा तो मशीन अडले तरच. दुसरे कुठले निमित्त तिच्याकडे नव्हते, आणि निमित्ताशिवाय भेटायची आमच्याकडे मुलींना सवय नाही.

माझे कर्तव्य काय होते ते मला ठाऊक होते. मी फायल होती तिथे ठेवली.

पुढचे सांगतो ते सत्त्याण्णवच्या जानेवारीचे. चिकूचा भर हंगाम. दिल्लीला जाणारा मालाचा डबा आठवड्यातून दोनदा घोलवडला लागे, संध्याकाळी पाचच्या गाडीला. कुणाच्या किती करंड्या, कुठल्या आडत्याकडे, याची यादी आधी मी हाताने करीत असे. पण त्या हंगामापासून चिमणभाऊंनी सगळ्या बागायतदारांना नवे खूण-नंबर दिले होते आणि ते फक्त कॉम्प्युटरमध्ये होते. कुणाला कुठला नंबर दिला त्याच्या चिठ्ठ्या होत्या, पण माहिती भरून झाल्यावर देवजीने त्या चहाच्या शेगडीला लावल्या. त्याला कुणी तसे सांगितले नव्हते. ठेवायलाही कुणी सांगितले नव्हते.

सकाळी नऊला नयनाने बटण दाबले. आकडे पळाले आणि थांबले.

मी वापीला फोन लावला. परेश सिल्व्हासाला गेला होता. उद्या अकरा वाजता नक्की येईल, असे कळले. हे मी मोठ्याने सांगितले आणि कचेरीत गलका सुरू झाला. ओट्यावर वीस-पंचवीस बागायतदार जमले होते, बाकीचे माल टाकून गेले होते, आवारात सहाशे करंड्या रचलेल्या.

"उद्या? उद्या काय चिकूचं सरबत पाठवायचं दिल्लीला?"

"चिमणभाऊ, मशीनला हवा दाखवा ना हवा! रोज दाखवता तशी!"

"गप रे. काका, तुम्ही हातानं करा यादी."

"नंबर मशीनमध्ये आहेत, भाऊ," मी म्हणालो. "करंडीवर नुसता आकडा आहे. आकडा कुणाचा ते मला कसं कळणार?"

"देवजी! चिठ्ठ्या कुठायत?"

"शेठ, त्याचा तर तुमी चहा पिला," देवजी म्हणाला. ओट्यावर हशा उठला. चिमणभाऊ हसले नाहीत.

पायरीवर रूपी बसली होती. गंजाडच्या वाटेवर तिची बारा झाडे, संघातली सगळ्यात लहान सभासद. आपल्या चौदा करंड्या तिने भाड्याच्या टेम्पोत दुसऱ्यांच्या मालाबरोबर आणल्या होत्या. ती हसण्यात नव्हती. "माझं फळ कालच पिवळं पडाया लागलं," ती कुणालाच उद्देशून नाही अशी म्हणाली. "आजचा डबा गेला की ते गुरांना." पुढचा डबा तीन दिवसांनी होता.

नयना खोलीच्या दारात उभी होती. तिने रूपीकडे पाहिले, मग माझ्या टेबलाशी आली.

"काका, उद्या अकरा म्हणाले ना?"

"हो. अकरा."

"नक्की येणार म्हणाले?"

"नक्की."

तिने घड्याळाकडे पाहिले. साडेनऊ झाले होते. ती कशाचा विचार करते आहे हे त्या गर्दीत मला एकट्यालाच ठाऊक होते, आणि मी काहीही म्हणालो असतो तरी ते चुकीचे ठरले असते. म्हणून मी पेन्सिलीला टोक करीत बसलो. मग ती खोलीत गेली, चपला बाहेर काढून. आतून तिचा आवाज आला, मोठा आणि सरळ.

"देवजीदादा, स्क्रू-ड्रायव्हर आणा. पंपघरातला, बारका."

चिमणभाऊ धावले. "अगं, तू उघडतेस? काही झालं तर?"

"आत्ता तरी कुठे चालतंय, भाऊ?"

काचेला नाके लावून बागायतदार उभे राहिले. नयना पाठमोरी होती. ती हळू आवाजात बोलू लागली, आणि पहिल्या वाक्यालाच मी ओळखले, ती परेशच्याच शब्दांत बोलत होती.

"आता वीज काढली. आता हात लोखंडी कपाटाला लावला, म्हणजे अंगातली वीज जाय. आता झाकण."

तिने पट्ट्या काढल्या, खोडरबराने दात घासले, बसवल्या, बटण दाबले. आकडे पळाले आणि पुन्हा थांबले.

"झालं!" बाहेरून कुणीतरी म्हणाले. "आता दोन्ही गेलं, मशीन पण आणि डबा पण."

तिने मागे पाहिले नाही. बंद करून पुन्हा लावले. पुन्हा. तिसऱ्या वेळी तिने मला हाक मारली. "काका, आकडा कुठे थांबतो तो लिहून घ्या." मी चष्मा लावून आत गेलो. चार हजार सहाशे आणि काहीतरी. आणखी दोनदा लावले. दोन्ही वेळा चार हजार सहाशेच्याच आसपास.

"निम्मे किती होतात?" तिने विचारले.

"चार हजार शहाण्णव."

"म्हणजे पहिली पट्टी पुरती मोजून होते. अडतं ते दुसरीवर गेल्यावर." ती क्षणभर पट्ट्यांकडे बघत राहिली. "ही नुसती मळलेली नाही. ही गेली."

तिने दुसरी पट्टी काढून माझ्या हातात दिली आणि एकट्या पहिलीवर बटण दाबले. आकडे पळाले, चार हजार शहाण्णवला थांबले. मग शीळ वाजली.

निम्म्या स्मरणशक्तीवर मशीन बैलगाडीसारखे चालले, पण चालले. यादी दुपारी दीडला छापून निघाली. संध्याकाळच्या डब्यात रूपीच्या चौदा करंड्या सगळ्यांत आधी चढल्या, कारण देवजीने त्या दाराशी आणून ठेवल्या होत्या. जाताना रूपी खोलीच्या काचेशी थांबली आणि नयनाला म्हणाली, "बाय, तुझ्या हाताला फळ येवो."

डबा भरला तो संध्याकाळी. नयनाचे जे व्हायचे ते त्याआधी, भर दुपारी दोन वाजता झाले. चिमणभाऊंनी सगळ्यांना चहा सांगितला आणि माझ्या टेबलावरचा फोन स्वतः उचलला. "वापी? बागायतदार संघ. उद्या कुणी यायची गरज नाही. मशीन चालू. आमच्या मुलीनं केलं. हो, हो, आमच्या ऑपरेटरनं! त्या टंडेलना सांगा, बसा म्हणावं आरामात!" ते एवढ्या मोठ्याने बोलत होते की काचेपलीकडेही प्रत्येक शब्द जात होता. फोन ठेवून ते म्हणाले, "काका, आता करार कशाला पाहिजे? मार्चला संपतो ना? संपू दे. घरात डॉक्टर असताना बाहेरचा कशाला?"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. नयना बाहेर आली, हात पुसत.

"भाऊ, एक सांगायचं होतं."

"सांग, सांग! आज तू काहीही माग."

"संध्याकाळी ती खिडकी उघडू नका. खाऱ्या हवेनं होतं हे."

"अगं, मग आधी नाही का सांगायचंस?"

"कागदावर लिहिलेलं होतं, माझ्याकडूनच राहून गेलं," मी म्हणालो. फायली माझ्या ताब्यात असल्यामुळे ते कुणाला खोटे वाटले नाही. साडेपाचला देवजी खिडकीशी गेला, हात उचलला आणि आठवून परत आला.

त्यानंतर मशीन अडले नाही. नवी पट्टी कंपनीने पार्सलने पाठवली, नयनाने बसवली. मार्चअखेर करार संपला. परेश हिशोब मिटवायलाही आला नाही, कागद टपालाने आले. एप्रिल गेला, मे गेला. नयना पूर्वीसारखीच वेळेवर यायची, वेळेवर जायची. डहाणूच्या एका शाळेतून पहिला फोन त्याच काळात आला आणि ती जाऊन मशीन सुरू करून आली. लोक तिला नयनाताई म्हणू लागले. फक्त सकाळी बटण दाबल्यावर ती पडद्यावरच्या आकड्यांकडे जरा पुढे वाकून बघायची. आकडे सुखरूप पोहोचत, शीळ वाजे, आणि ती खुर्चीला टेकायची. दिलासा मिळालेले माणूस असे टेकत नाही.

जूनच्या चोवीस तारखेला दुपारी पावणेचारला फोन वाजला. बूथवरचा आवाज होता, मागे गाड्यांचा गोंगाट.

"काका? परेश बोलतोय. मशीन कसं आहे?"

"चालू आहे."

"एकदाही अडकलं नाही?"

"नाही."

"अच्छा," तो म्हणाला. "चांगलं आहे. नयना आहे का?"

ती मालाची यादी घेऊन स्टेशनवर गेली होती. मी म्हणालो, "देवजीला पाठवून बोलावतो, दहा मिनिटांत येईल. नंबर द्या, फोन करायला सांगतो."

"ना, ना, नंबर कसला! बूथवर आहे मी. कामात असेल ती. तुम्ही फक्त सांगा, फोन होता."

ती आल्यावर मी सांगितले. तिने पिशवी खाली ठेवली.

"काय म्हणाले, नीट सांगा."

मी शब्दन् शब्द सांगितला.

"नयना आहे का म्हणाले, की नयनाबेन?"

"नयना."

"पुन्हा सांगा, काका. पहिल्यापासून."

मी पुन्हा पहिल्यापासून सांगितले. ती ऐकत उभी राहिली, मग आत जाऊन टाइप करू लागली. मला वाटले, दुसऱ्या दिवशी ती रजा मागेल. तिने मागितली नाही. वडिलांचा दमा त्या पावसाळ्यात वाढला होता, हे एक कारण. दुसरे मला वाटते असे, की बंद मशीनशिवाय त्या माणसासमोर जाऊन उभे कसे राहायचे आणि पहिले वाक्य काय बोलायचे, याचा विचार करण्यात तिचे तीन आठवडे गेले.

सोळा जुलैला तिने माझ्या टेबलावर अर्ज ठेवला. एक दिवसाची रजा, कारण: खासगी. सात वर्षांत तिच्या अर्जावर हे कारण मी पहिल्यांदा वाचले. एरवी वडिलांचा दवाखाना, बहिणीचे बाळंतपण, असेच असे. मी सही केली.

"वापीला?" मी विचारले. विचारायला नको होते.

"हो." मग म्हणाली, "कंपनीत जाऊन विचारणार आहे. नुसतं भेटायला आले म्हणून सांगणार. चालेल ना, काका, असं सांगितलं तर?"

"चालेल," मी म्हणालो. "त्यात काय आहे?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कचेरीत येताना ती पलीकडच्या फलाटावर उभी दिसली. निळी साडी नेसली होती, ती मी तिच्या बहिणीच्या लग्नात पाहिली होती. शटल आली आणि ती दिसेनाशी झाली. त्या दिवशी मशीन मीच लावले. आकडे नीट पोहोचले.

दुपारी दीड वाजता मी डबा उघडत होतो, तेव्हा ती दारातून आत आली. छत्री कोपऱ्यात ठेवली, चपला काढल्या.

"भेटले?" मी विचारले.

"पहिल्या तारखेपासून बडोद्याला बदली झाली. तिकडंच घर केलंय म्हणे, वडिलांनाही नेलंय." ती छत्रीतून निथळणाऱ्या पाण्याकडे बघत होती. "जायच्या आधी त्यांनी सगळ्या जुन्या गिऱ्हाइकांना फोन केले होते, असं तिथली मुलगी म्हणाली. मशीन नीट चालतं का विचारायला."

"सगळ्यांना?"

"ती म्हणाली, सगळ्यांना." छत्री भिंतीला नीट टेकवून ती म्हणाली, "तिला काय ठाऊक असणार म्हणा."

तिने खोलीचे दार उघडले, आणि आत जाता जाता मागे वळली.

"काका, माझी रजा अर्ध्या दिवसाची करा. पूर्ण दिवस लागला नाही."

मी हजेरीचे पुस्तक काढले आणि तसे केले.